गाळ बसेपर्यंत

चैत्र सरला तसा तृप्तीच्या घराला वास सुटला. आंबट, ओला, उंबऱ्यातच नाकाला धरणारा. तारेवर घामट बनियनं, खिडकीच्या गजांना मोजे, आणि तुळशीच्या कट्ट्यावर सासऱ्यांचे बूट, जिभा बाहेर काढून वाळत पडलेले. तिनं ते दोनदा उचलून मागच्या दारी ठेवले. दोन्ही वेळा ते परत तुळशीशी आले. ऊन म्हणे तिथंच चांगलं लागतं.

नवऱ्याचं, भागवतचं, जालन्यात बियाणांचं दुकान. मागच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी नादानं तो पळायला लागला, आणि उन्हाळा येईपर्यंत सगळं घर त्याच्यामागं पळायला लागलं. सासरे अप्पाराव एसटीतून रिटायर झालेले, त्यांनी नातीच्या वयाच्या पोरांना शोभेल अशी पोपटी चड्डी आणली. आठवीतली प्रांजली सुट्टीत मामाकडं जायची, ती या वर्षी घाणेवाडीच्या तलावाभोवती बापामागं पळू लागली. तृप्तीच्या वाट्याला पिशवी आली. टॉवेल, केळी, पाण्याच्या बाटल्या आणि मांड्यांना चोळायचं व्हॅसलीन. त्या डबीत सगळ्यांची बोटं जात. तिच्यात केस असत.

जेवताना सासरे पायाच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख हलवून बघत.

"निघंल आता," ते कौतुकानं म्हणत, आणि त्याच हातानं भाकर मोडत.

"मामा, हात धुऊन घ्या ना," तृप्ती म्हणे.

"अगं, घामानं माणूस धुतलेलाच असतो."

भागवत हसे. दूध-पावडर घुसळायच्या त्याच्या शेकरच्या तळाशी कालचं दूध दह्यासारखं चिकटलेलं असे. "शरीर म्हंजे मशीन हाय, तृप्ती. तापवल्याबिगर चालत न्हाई."

वैशाखात त्यानं सगळ्यांना धावड्याकडच्या डोंगरावर नेलं, तेही भर दुपारी. अर्ध्या चढावर प्रांजली दगडाला धरून वाकली आणि ओकली. सकाळची केळी, ताक, सगळं. तृप्ती पदर ओला करून धावली, पण तिच्याआधी भागवतचा मोबाईल पोचला होता.

"बघा मंडळी! पोरगी ओकली, पण थांबली न्हाई! याला म्हणतात ताकद!"

तृप्तीनं पोरीचं तोंड पुसायला हात पुढं केला. प्रांजलीनं तो ढकलला.

"मम्मी, व्हिडिओत येतीस तू. बाजूला हो ना."

तिच्या हनुवटीवर ओकारीचा थेंब तसाच होता आणि ती मोबाईलकडं बघून हसत होती. त्या दिवशी तृप्तीला पहिल्यांदा स्वतःच्या पोटच्या पोरीची किळस आली. ती तिनं घोट गिळावा तशी गिळली. वर येत राहिली, तरी गिळत राहिली.

उन्हाळ्याचा शेवट दणक्यात करायचा असं भागवतनं ठरवलं. त्याला त्यानं नाव दिलं त्रिकूट. जालन्याहून सायकलीवर वाटूर, वाटूर फाट्याजवळ सायकली लावून वस्तीपर्यंत पळत, आणि वस्तीवरच्या विहिरीत पोहणं. वस्ती तृप्तीच्या माहेरची. कापूस-सोयाबीनच्या रानात पाचसहा घरं, एक कडुलिंब आणि भावाच्या बांधालगतची ती अरुंद, दगडी पायऱ्यांची विहीर. वस्तीतल्या बाया जात्यावर तिच्या ओव्या म्हणायच्या:

माझ्या माहेरची विहीर, तिला पायऱ्या गं सात
वाहाणा काढून वरती, दादा पाण्या लावी हात.

"पोहायचं राहू द्या," तृप्ती दुकानात जाऊन म्हणाली. "वहिनीचा फोन आल्ता. विहीर आटली. टँकर येतो तो तिच्यातच ओतून राह्यलेत. सगळी वस्ती तेच पेती."

"बराबर," भागवत म्हणाला. त्याचा अंगठा मोबाईलवर वर-खाली होत होता.

"ऐकलं का?"

"ऐकलं ना. बघू तिथं गेल्यावर."

तिला वाटलं, विहिरीत तळाचा चिखल दिसला की आपोआप राहील.

ते तिघं पहाटे सायकलीवर निघाले. तृप्ती मागून एसटीनं आली. एसटी रामनगरला थांबली, पुढं पुन्हा थांबली, आणि फाट्यावर ती उतरली तेव्हा ऊन डोक्यावर चढलं होतं. तीन सायकली टपरीला टेकवलेल्या. हापशाच्या ओट्यावर एक कुत्रं ओल धरून झोपलेलं. ती पिशवी खांद्याला मारून रानातल्या पांदीनं चालू लागली.

वस्ती जवळ आली तसा पाण्याचा आवाज आला. छपाक, आणि मग हसणं. असल्या उन्हाळ्यात माहेरच्या रानात पाण्याचा आवाज! तिचं काळीज आधी नाचलं, लहानपणीसारखं. आणि दुसऱ्या पावलाला थांबलं.

टँकर ओतला की काय असतं ते तिला ठाऊक होतं. पाणी वरून पडतं, तळचा गाळ ढवळून निघतो, विहीर चहासारखी लाल होते. मग बाया आपापल्या घागरी काठाशी रांगेत मांडतात आणि घरी जातात. भाकरी उरकतात, लेकरं उरकतात. गाळ खाली बसेपर्यंत कुणी दोर सोडत नाही. पोरं खडासुद्धा टाकत नाहीत. तेवढा वेळ विहिरीजवळ गडबड नाही, जसं नुकतंच झोपी गेलेलं लेकरू.

रांग मोडलेली होती. घागरी एका बाजूला ढकलून त्यांच्या जागी बूट ठेवले होते. एका घागरीच्या तोंडावर सासऱ्यांचं बनियन वाळत घातलेलं. दुसऱ्या कळशीत मोजे, नीट घडी करून. मोटारीच्या कट्ट्यावर तिपाईला मोबाईल लावलेला, त्याचा डोळा विहिरीत.

तृप्ती काठाशी गेली.

छातीएवढं पाणी. त्यात तीन डोकी. मांड्यांचं, बगलांचं व्हॅसलीन सुटून पाण्यावर आलं होतं आणि उन्हात त्याचे निळे-जांभळे डोळे चकाकत होते. खालचा गाळ ढेकळाढेकळांनी वर येत होता.

"पाय टेकायचा न्हाई, प्रांजली! आजून फेरी!" भागवत ओरडत होता.

सासऱ्यांनी घसा खाकरला. खोलवरून, मजेत. आणि थुंकले. थुंकी पाण्यावर पसरली, गोल फिरली आणि प्रांजलीच्या हाताखालून गेली. मग त्यांनी एक नाकपुडी दाबून दुसरी शिंकरली.

"वर या!" तृप्तीचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "प्यायचं पाणी हाय ते! वर या!"

"थांब गं, रेकॉर्डिंग चालू हाय," भागवत म्हणाला. "शेवटची फेरी."

आणि त्यांनी ती फेरी पुरी केली.

आवाजानं बाया आल्या. आधी द्वारकाबाई आली, शेजारची म्हातारी. गाळ बसेपर्यंत राखणीला तीच बसायची. शेळी सावलीला बांधायला गेली तेवढाच काय तो वेळ. तिनं खाली वाकून पाहिलं. मग आपल्या घागरीवरचं बनियन दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं, आणि मातीत ठेवलं. घागरीच्या तोंडाला नाक लावलं आणि पदर नाकावर धरला. तृप्तीची वहिनी सुगंधाबाई पिठाच्या हातांनी आली, तिच्यामागं आणखी दोघीतिघी.

तृप्ती वाट पाहत होती की कुणीतरी शिवी घालील. पण खाली पाण्यात वस्तीचा जावई होता, आणि जावयाच्या तोंडावर बोलायची रीत इथं कुणाच्या घरात नव्हती.

"असू द्या, असू द्या," सुगंधाबाई म्हणाली. "पाव्हणे दमून आलेत."

द्वारकाबाईनं तेवढं तृप्तीकडं पाहिलं. "तृप्ते, तुझी माणसं लै उजळून राह्यली गं आमच्या पाण्यात."

तिघं पायऱ्या चढून वर आले तेवढ्यात भाऊ राधाकिसन पळत आला, कडुलिंबाखाली बाज टाकली, वर गोधडी टाकली. त्याला विहीर दिसत नव्हती असं नाही. तो तिच्याकडं पाठ करून हसत होता.

"दाजी, टायमिंग किती आलं मंग?"

"भारी आलं राधाकिसनराव! एकदम भारी!"

भागवत बाजेवर बसला. पायाच्या बेचक्यात लाल गाळ. त्यानं तृप्तीच्या पिशवीतून बाटली घेतली, बूच उघडलं आणि गटागटा प्याला. अर्धी प्याला, उरलेली डोक्यावर ओतली. बाया ते पाणी मातीत जिरताना बघत होत्या.

"विहिरीतलं ते प्यायचं पाणी व्हतं," तृप्ती म्हणाली.

"मला काय माहीत?"

"मी दुकानात सांगितलं व्हतं."

"मंग झालं काय एवढं? क्लोरीनची गोळी टाका. ह्यांना सवय असती, तृप्ती. म्हशी डुंबतात तिथलं पेतात माणसं." तो राधाकिसनकडं वळला. "काय हो?"

"हौ ना, बिलकुल," राधाकिसन म्हणाला.

भाऊ असं म्हणाला आणि तृप्तीला त्याचीही किळस आली. नवऱ्याची किळस जुनी होती, तिची सवय झाली होती. भावाचं हे मिठ्ठास हसू नवं होतं. वहिनीचं 'असू द्या' नवं होतं. आणि आपण इथं पिशवी धरून उभ्या आहोत, कोरड्या, स्वच्छ साडीत, हे सगळ्यांत ओंगळ होतं. आज ती गप्प बसली, तर संध्याकाळी वस्तीतली लेकरं तिच्या माणसांची थुंकी पितील, आणि पुढच्या वेळी ती आली की बाया 'ये बाई' म्हणतील, पण बसायला सरकणार नाहीत. बोलली, तर नवऱ्याची अब्रू त्याच्या सासुरवाडीत तिच्याच हातानं जाणार.

तिनं पिशवी खाली ठेवली. दोर घेतला. बादली सोडली, ओढली. वहिनीच्या ओट्यावरून तांब्या आणला, त्याच्यावर पदर ताणून बादलीतलं पाणी गाळलं. पदरावर गाळ राहिला, त्यात एक लांब केस. तांब्या तिनं ताटलीत ठेवला, पाव्हण्यापुढं ठेवतात तसा, आणि भागवतपुढं धरला.

"घ्या."

"काय हे?"

"पाणी. माहेरचं हाय. तुम्ही आल्यापासून कुणी विचारलंच न्हाई."

"अवं ताई," सुगंधाबाई पुढं झाली, "जावयाला असलं..."

"वहिनी, थांबा. सवय असती म्हणले ना ते."

भागवतनं तांब्यात पाहिलं. पाण्यावर तेलकट जांभळं फिरत होतं. त्याचं नाक आकसलं, मान मागं गेली.

"शी! ह्याच्यात आपण आत्ताच..."

द्वारकाबाई एकदाच, नाकातून, हसली. अप्पारावांनी पोपटी चड्डीवर हात ठेवले आणि खाली मान घातली.

"आज वस्ती काय पेणार?" तृप्तीनं विचारलं.

"फाट्यावरच्या हापशावरून आणू की," सुगंधाबाई पुटपुटली. "त्यात नवं काय हाय."

"तुम्ही न्हाई." तृप्ती भागवतकडं वळली. "तुम्ही आणा. घाण तुमची हाय."

भागवतचं तोंड पडलेलं होतं, ते हळूहळू उजळलं. डोळ्यांत ती ओळखीची चमक आली. तो ताडकन उठला.

"आयडिया भारी हाय! चौथा टप्पा! खांद्यावर घागर, उन्हात, फाटा ते वस्ती! प्रांजली, तिपाई आण जल्दी. ह्या बाया मागं उभ्या राह्यल्या तर लै भारी दिसंल."

द्वारकाबाईनं पदर तोंडावर ओढला. "माझा फोटू काढशील तर बघ."

तृप्तीला वाटलं होतं की किळसीला तळ असतो. नव्हता.

"मोबाईल इथं ठेवा," ती सावकाश म्हणाली. "कुणाला दाखवायचं न्हाई. मोजायचं न्हाई. नुसतं पाणी आणायचं. आणता?"

भागवत थांबला. खरंच विचारात पडला.

"मंग काय उपेग?"

हे त्यानं भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. त्याला खरोखर कळत नव्हतं. त्यानं आकाशाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, बूट उचलले आणि त्यांतली माती झटकली. "ऊन झालं. परतीचं टायमिंग जाईल. चला बाबा. प्रांजली, चल."

अप्पाराव उठले, पण पोटरीत गोळा आला म्हणून परत बसले. "तू हो पुढं," ते म्हणाले. "मला न्हाई आता जमत." मग भागवत एकटाच पांदीनं पळत गेला. जाताना त्यानं मोबाईल हातात उंच धरला होता.

प्रांजली तिथंच उभी होती. केसांतून लाल पाणी गळत होतं, ओठांवर गाळ वाळला होता. तिनं सुगंधामामीकडं पाहिलं. मामीनं दुसरीकडं पाहिलं. दर सुट्टीत मामीच्याच मांडीवर झोपलेली पोरगी. मामीनं तिच्याकडं न बघताच एक टॉवेल तिच्या अंगावर टाकला.

तृप्तीनं कळशीतले मोजे काढून फेकले, कळशी राखेनं घासली, उरलेल्या बाटलीतल्या पाण्यानं विसळली. द्वारकाबाईची घागर उचलायला गेली, तर म्हातारीनं ती धरून ठेवली. मग सोडली.

घागर आणि कळशी घेऊन मायलेकी पांदीनं फाट्यावरच्या हापशाकडं निघाल्या. तापलेल्या मातीतून वाफ येत होती. बाभळीत होले घुमत होते, एक थांबला की दुसरा. बराच वेळ प्रांजली कळशी या काखेतून त्या काखेत घेत राहिली.

"मम्मी."

"हं."

"तुला माझी किळस आली?"

तृप्तीनं वळून पाहिलं. पोरीच्या कानामागं अजून गाळ होता.

"आली."

"आता पण?"

"आता पण थोडी येऊन राह्यली," तृप्ती म्हणाली. "कळशी नीट धर. येताना भरलेली असंल."