टाकसाळीची चूक

राजाचं डोकं आत गेलेलं होतं. पैशाच्या एका बाजूला ते नेहमीसारखं वर आलेलं, मुकुट, दाढी, खांद्यावरची नक्षी, सगळं जिथल्या तिथं, आणि पैसा उलटून पाहिला की तेच डोकं पुन्हा, पण दबलेलं, तोंड दुसऱ्या दिशेला केलेलं, ओल्या मातीत कुणी ठसा उमटवावा तसं. बसम्मानं अंगठा त्या खळग्यात ठेवला. अंगठ्याला नाक कळत होतं. डोळे मिटूनही तिला आता हा पैसा डब्यातल्या इतर नाण्यांतून काढता आला असता… आणि असं काही आपल्याला येतं, याचा आनंद व्हावा की नाही, ते तिला ठरवता येईना. सकाळपासून अंग जड होतं. आजचंच नव्हे, वर्ष होत आलं, झोपून उठलं तरी निजायलाच निघाल्यासारखं वाटायचं.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा. तिचे यजमान गुरुबसप्पा दुकानातून जेवायला यायचे, जेवायचे, हात धुवायचे आणि डबा घेऊन खिडकीशी बसायचे, पाठ घराकडे करून. वर्षानुवर्षं तिनं ती पाठ पाहिली होती. घरात दोन भाषा होत्या, कानडी आणि मराठी, आणि ते दोन्ही भाषांत गप्प असायचे. वाढ. पुरे. दार लाव. तीस सालच्या मार्शल लॉच्या दिवसांत पेठ बंद होती, रस्त्यावर गोरे सोजीर फिरत होते, दोघंच आतल्या खोलीत बसून असायची. तेव्हा तिला वाटलं होतं, आता तरी, भीतीनं का होईना, हा माणूस काही बोलेल… त्यांनी खिडकीची एक फळी किलकिली केली होती. नाण्यांवर उजेड पडावा म्हणून.

डब्यात आपल्याला न सांगता साठवलेला पैसा असणार, असं ती धरून चालली होती. ते वारल्यावर दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि तिनं डबा उघडला, तर आत वाकडीतिकडी, अर्धवट, कुणी घेणार नाही अशी नाणी. काठ तुटलेला आणा. एक कोपराच नसलेली चौकोनी, दोन आण्यांची चवली. ती आधी हसली होती आणि मग रडली होती, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. धाकटा दीर चन्नप्पा, जो आता दुकान बघायचा, म्हणाला, "वैनी, खोटी नाणी ही. तांबटाला वजनावर देऊन टाकतो की."

"राहू द्या," ती म्हणाली होती. का म्हणाली, कोण जाणे.

मग एका दुपारी ती खिडकीशी बसली. नुसती बघायला, की यात असं होतं तरी काय. दुसऱ्या दुपारी पुन्हा बसली. आणि कधीतरी हात आपोआप शिकला. मोड घेताना बोटं कडेवरून फिरायला लागली, अक्षरं सरकलीत का, वेल पुरता उमटलाय का, हे डोळे आधी पाहायचे आणि पैसे मोजायचं मागून. आज सकाळी भाजीवाल्या केराबाईनं मोड देताना एक पैसा बाजूला ठेवला. "ह्यो नगं बाई, कुणी घेईना झालंय." बसम्मानं तो मागून घेतला आणि बदल्यात चांगला दिला. ठसा सरकून पडला होता. एका कडेला चंद्रकोरीएवढी कोरी जागा, दुसऱ्या कडेला निम्मी अक्षरं पैशाबाहेर गेलेली. केराबाई तोंडाकडे बघत राहिली. बसम्माची छाती धडधडत होती. पन्नाशीच्या बाईची, एका पैशासाठी.

डब्यात त्यांचं डोळ्याला लावायचं भिंगही होतं, पण काच नळीतून सुटलेली. ती बसवून आणू, एवढंच मनात धरून दुपारी ती निघाली; निघताना चार-पाच नाणी आणि केराबाईचा पैसा पदराला बांधला. विजापूर वेशीत घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो, एवढं तिला माहीत होतं. ऊन लई होतं. पाय ओढत गेल्यासारखी ती गेली.

म्हाताऱ्यानं भिंग हातात घेतलं, फिरवलं, आणि तिच्याकडे वर पाहिलं.

"अम्मा, हे तर माझ्या हातचं. गुरुबसप्पाशेटच्या घरच्या का तुम्ही?"

तिनं मान हलवली.

"गेले म्हणून कळलं. मिट्टीला, माती द्यायला यायचं होतं, पण तुमच्यात चालतं, न्हाय चालतं…" त्यानं आपलं नाव महबूब सांगितलं आणि समोरचं स्टूल पुसलं. "बसा. शेटची जागा ही. दर गुरुवारी यायचे की. लई बोलायचे. हसवून हसवून बेजार करायचे, माझी कामं पडून राहायची."

"कोण?" बसम्मा म्हणाली.

"शेटच. गिऱ्हाईकांच्या नकला काय करायचे, या खुदा! तो तुमचा अडत्या तोतरा बोलतो न्हाय का, त्याची…"

ती स्टुलावर बसली. भिंतीवर घड्याळं होती, प्रत्येकाची वेळ निराळी. त्या टिकटिकीत तिला एक पाठ दिसत होती, खिडकीतली, पांढऱ्या सदऱ्यातली, आणि ती पाठ वळत नव्हती. वळली असती तर तिला तोंड असतं, तोंडाला हसू असतं… कुठल्या गुरुवारी? गुरुवारी ते उशिरा यायचे. आल्यावर तिनं पाणी दिलेलं असायचं. म्हणजे ओठांवर हसू अजून ओलं असताना ते उंबऱ्यात आले असतील आणि पाण्याच्या घोटाबरोबर त्यांनी ते गिळलं असेल.

तिनं गाठ सोडून नाणी काढली. काहीतरी करायला हवं होतं म्हणून. आधी तिला सगळ्यांत मोलाचा वाटणारा रुपया पुढं सरकवला, दोन्ही बाजूंना राजाच असलेला. महबूबनं तो टेबलाच्या काचेवर टाकला. थड्. मग आपल्या खिशातला एक टाकला. टण्ण्.

"ऐकलंत? ही टाकसाळीची चूक न्हाय, माणसाची करणी हाय. दोन रुपये घासून एक केलाय. छापा-काट्यासाठी जुगारी करतात. कडेच्या आतनं बघा, बारीक रेघ दिसंल. मोल काय न्हाय त्याला. शेटना माहीत होतं. तरी ठेवला. म्हणायचे, करणाऱ्यानं मेहनत किती घेतलीय बघ."

"आणि हा?" तिनं आत गेलेला राजा पुढं केला.

म्हाताऱ्यानं तो दोन बोटांत, कडेला धरून घेतला. "हा खरा. आधीचा पैसा साच्याला चिकटून राहिला, त्याच्यावर ह्याची तांब्याची चकती पडली, आणि वरनं ठोका. मागं माणूस न्हाय, कुणाची लबाडी न्हाय. मुंबईला हौशी लोक वीस रुपये देतील, जास्तीच देतील. झिजलेला न्हाय ना, म्हणून. मी शेटना म्हटलं, विका. म्हणाले, विकून काय करू? मग तुला दाखवायला काय आणू?"

तुला दाखवायला.

मार्शल लॉ उठल्यावर दुसऱ्याच दिवशी शेट धावत हा पैसा घेऊन आले होते, लहान पोरासारखे, असं महबूब सांगत होता, आणि ती ऐकत होती, थकून, वरवर. मार्शल लॉचे ते सगळे दिवस हा पैसा त्या खोलीत होता. ती हाताच्या अंतरावर बसली होती, भाकरी थापत.

"आणखी काय बोलायचे?"

"सगळंच की. बाजारचं. लहानपणी वळसंगला विहिरीत उड्या मारायचे, त्याचं."

त्यांना पोहता येत होतं, हे तिला माहीत नव्हतं.

"घरातलं?" तिनं विचारलं, घड्याळांकडे बघत.

महबूबनं काच नळीत बसवली, फुंकर मारली, उजेडाला धरली. "घरातलं न्हाय बा. घरातलं कधी न्हाय."

जपून ठेवलेलं असतं म्हणून माणूस बोलत नाही, की बोलण्याजोगं काही नसतं म्हणून? हे विचारायचं कुणाला? हा म्हातारा चांगला होता. त्यानं काही लपवलं नव्हतं आणि काही वाढवूनही सांगितलं नव्हतं. पण त्याच्याकडे जे होतं ते तिचं असायला हवं होतं, आणि आता मागून मिळणारं नव्हतं. मग बसल्या बसल्याच तिनं शेवटचा पैसा टेबलावर ठेवला.

महबूबनं भिंग लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"हा शेटचा न्हाय."

"नाही."

"मग?"

"माझा," बसम्मा म्हणाली. आवाज तिला परका वाटला. "आज मोड घेताना आला. भाजीवालीकडनं."

"तुम्ही ओळखला?" म्हातारा हसला, दात नसलेलं, स्वच्छ. "ठसा सरकलाय, पण साल शाबूत हाय बघा. साल गेलं असतं तर चार आण्यांचं काम. आता हौशी माणूस रुपया-दीड रुपया खुशीनं देईल. नजर हाय तुम्हाला अम्मा. गुरुवारी या कधी. आणखी सापडंल तर घेऊन या."

भिंगाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

परतताना ऊन उतरलं होतं. गिरणी सुटली होती, रस्ता भरला होता, आणि त्या गर्दीत ती कडेकडेनं चालत राहिली. राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. एवढी वर्षं तो एका जागी होता, त्या पाठीवर. आता ती पाठ म्हणजे नुसता पाठमोरा बसलेला एक माणूस होता, आणि त्याच्या तोंडाशी, तिला न दिसणारं, काहीतरी चाललं होतं… नकला करता येत होत्या त्यांना. तिनं चालता चालता तोतरा अडत्या आठवून पाहिला आणि ओठ हलले, तेव्हा घाबरून पदर तोंडावर घेतला.

अंगणात तिची धाकटी जाऊ ईरम्मा धान्य पाखडत होती. "अक्का, एवढ्या उन्हात कुटं गेलता? आणि गाठीला काय बांधलंय? दाखवा की."

बसम्माचा हात आपोआप गाठीवर गेला.

"काही नाही," ती म्हणाली. "भिंग नीट करून आणलं."

ती खिडकीशी जाऊन टेकली. ईरम्मानं विचारलं होतं ते प्रेमानंच. दाखवला असता तर काय गेलं असतं? ईरम्मा म्हणाली असती, अग्गाई, एवढा एक पैसा, आणि पुन्हा सुपाकडे वळली असती. तेवढंच. तेवढंच नको होतं. राग नव्हता, लबाडी नव्हती. नुसतं तेवढंच नको होतं… आणि ते आता या घटकेला दुकानातून आले असते, हात धुऊन इथं उभे राहिले असते, तर? त्यांना दाखवला असता आपण?

तिनं खरं उत्तर शोधायचा प्रयत्न केला. हो म्हणावंसं वाटत होतं. पण गाठीवरचा हात निघत नव्हता, खिडकीतली ती पाठ वळत नसे तसाच; आणि पाय जड होते, डोळे जड होते, आणि तरी कितीतरी दिवसांनी हे जडपण तिला एकटीचं वाटत नव्हतं.