सरळ कोरलेली अक्षरं

मी कमरीपेठेतल्या गुंडू सुताराने कोरलेली वर्णमाला. सागवानी, जाडजूड, एकेक अक्षर तळहाताएवढं. आज पहिल्यांदाच बोलतेय, आणि वेळही फारसा उरलेला नाही.

माझ्या अंगावर एकही नाजूक वळण नाही. गुंडूने कंपास आणि काटकोन मापायचा गुण्या घेऊन मला आखलं. माझा 'व' म्हणजे पुरा गोल आणि एक दांडा. "पुढच्या जमान्यात असलीच अक्षरं असणार बघ," तो बायकोला, पारूबाईला सांगायचा. ती हसायची आणि भुसा झाडायची.

साल १९५६. छापखान्याचे मालक बाळाचार्य यांनी जाहिरातींच्या मोठ्या मथळ्यांसाठी मला करायला सांगितलं होतं. काम पसंत पडलं तर गुंडूला अक्षरं कोरायला कायमचं ठेवणार होते. तोवर तो देशपांडे नगरातल्या डॉक्टर-वकिलांच्या दारावरच्या पाट्या कोरायचा. आठ महिने तो माझ्यात बुडाला होता, पण मालकांना एक अक्षर दाखवलं नाही. खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय नवं काम उघडायचं नाही, हा त्याचा हट्ट.

त्या दिवशी छापखान्यात यंत्राला झेंडूची माळ घातली, मला हळदकुंकू वाहिलं. बाळाचार्यांनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. शाई लावून त्यांनी एक कागद काढला आणि गुंडूसमोर धरला. सगळं उलटं उमटलं होतं, आरशात दिसावं तसं.

"छापायचं अक्षर उलटं कोरायचं असतं रे. तुला सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं."

"मी तरी कुठं इचारलो, अण्णा," गुंडू म्हणाला. पाट्या कोरणाऱ्या हाताने मला पाटीसारखंच सरळ कोरलं होतं.

पुन्हा कोरून देतो म्हणाला. पण तीन आठवड्यांत आमचा धारवाड जिल्हा कानडी म्हैसूर राज्यात गेला, छापखान्याची मराठी कामं आटली आणि त्याला कुणी बोलावलंच नाही. मला पेटीत घालून त्याने खाटेखाली सरकवलं आणि तो खोकी ठोकू लागला. कोरायची पटाशी पुन्हा हातात धरली नाही. "निदान आपल्या दारावर तरी लावा की ही अक्षरं," असं पारूबाई एकदा बोलून गेली, तर दोन दिवस जेवला नाही. मला फार वाईट वाटलं.

अशी तेवीस वर्षं गेली. आज सकाळी गुंडू गेला. त्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवायला अंगणात चूल मांडलीय आणि लाकडं ओली निघाली.

"पारूअक्का, सुकं काय हाय का घरात?" शेजारच्या चंपाबाईने विचारलं.

पारूबाईने पेटी ओढली. "हाय की. ह्या अक्षरांनीच त्यास्नी खाल्लं. घाल सगळी."

आठ अक्षरं जळून गेलीत, पाणी कोमट झालंय. त्या पाण्याने त्याचे हात धुतील. जन्मभरात मी त्याच्या एवढ्याच उपयोगी पडले. पारूबाई, आठवण म्हणून माझं एकही अक्षर बाजूला काढू नकोस. पाणी चांगलं तापू दे.