ओली फरशी वाचली, मी फाटलो

मी फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्यातला, आतल्या बाजूचा अस्थिबंध बोलतोय. दवाखान्यात मला लिगामेंट म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगी यांना एकमेकांशी धरून ठेवणं हे माझं काम. इतक्या वर्षांत माझी कुणी साधी विचारपूस केली नाही.

सूक्ष्मदर्शकातून पाहाल तर मी म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्याच जुड्या. तंतू जरा नागमोडी असतात. ताण आला की सरळ होतात, सुटला की पहिल्यासारखे. मधूनमधून पेशी बसलेल्या असतात, काही तुटलं तर नवे तंतू विणायला. रक्तवाहिन्या मोजक्याच, बहुतेक वरच्या आवरणातून येणाऱ्या. सांध्याच्या आत तिरपा बसलेला दुसरा अस्थिबंध माझा शेजारी, त्याला तर रक्त याहूनही कमी मिळतं, म्हणून मी नशीबवान.

मिस्त्रींनी लोकांची घरं चकाचक केली. स्वतःच्या स्वयंपाकघराला हात लागला तो बायकोने धोशा लावला तेव्हा. चारच फरश्या उरल्या होत्या. मागे सरकताना पाय नुकत्याच बसवलेल्या, अजून ओल्या फरशीवर पडणार, तोच ती दबेल म्हणून त्यांनी पाऊल भलतीकडे टेकवलं. भार एकीकडे, पाय एकीकडे. गुडघा आत मुडपला आणि मी अर्धा फाटलो. फरशीला ओरखडाही नाही.

"ऑपरेशन नको. पट्टा लावा, हळूहळू चाला. गुडघे मात्र टेकायचे नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझा धंदाच गुडघ्यांवर आहे हो," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं.

मग मी कामाला लागलो. रक्त आलं, नव्या वाहिन्या फुटल्या, पेशी भराभर विणू लागल्या. घाईत तंतू वेडेवाकडे पडले. मिस्त्री चालत गेले तसे ते थोडेफार रांगेत आले.

तिकडे उरलेल्या फरश्या बायकोने बसवायला घेतल्या.

"अगं, तो कोपरा वर आलाय," मिस्त्री खुर्चीतून म्हणायचे.

"तुम्ही चहा प्या."

तीन महिन्यांनी परवानगी मिळाली. मिस्त्री छन्नी घेऊन त्या वाकड्या फरशीपाशी गुडघे टेकून बसले. मी जीव मुठीत धरून ताणलो, पण टिकलो. त्यांनी सवयीने आधी फरशी बोटाने वाजवली. खाली सिमेंट-वाळूचा मसाला कमी असला की ती पोकळ वाजते. ही भरीव वाजली.

"काढताय ना?" बायकोने विचारलं.

"राहू दे. वाकडी आहे, पण पक्की आहे."

मीही तसाच सांधलोय. पूर्वीसारखा सुबक होणार नाही, पण हल्ली कामावर निघताना मिस्त्री माझ्यावरून एकदा हात फिरवतात. तुम्हाला एवढीच विनंती, ओली फरशी दबली तर दबू द्या, ती पुन्हा बसवता येते. पाऊल तेवढं सरळ टेकवा.