फळ्यावरचा चोर

सोमवारी सकाळी पावणेनऊ वाजता, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरील भूमितीच्या वर्गात, मुख्याध्यापिकाबाईंच्या समक्ष माझा पाठ व्हावयाचा होता. दीड महिन्याच्या बोलीवर परदेशातून आणलेल्या मला वर्षभर ठेवून घ्यायचे की माघारी धाडायचे, ते या पाठावर ठरणार होते. ठेवून घेतले, तर पत्नी आणि मुलगी इकडे येणार होत्या.

"माळ्यावरची मोठी बॅग खाली काढलीय," पत्नीने पहाटेच फोनवर बजावले होते. "आता तिथे वाद घालून ती परत वर चढवायला लावू नका, अहो!"

"अगं, वाद घालणं हेच तर माझं काम."

"म्हणूनच सांगतेय!"

माझ्या शिकवण्याची रीतच तशी होती. फळ्यावर मी रोज मुद्दाम एक चूक पेरीत असे. जुन्या शाळेतली मुले तिला 'चोर' म्हणत. चोर दिसला की अख्खा वर्ग ओरडे, मी चोराचे वकीलपत्र घेई, आणि मला खोडून काढता काढता मुलांना भूमिती येई. येथील मुले मात्र माझा प्रत्येक चोर सुवाच्य अक्षरात उतरवून घेत आणि त्याखाली पट्टीने रेघही मारीत. ती ढ आहेत, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो होतो.

त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत हे गाऱ्हाणे मी विज्ञानाच्या बाईंपुढे मांडले. त्यांना इतके हसू आले की हातातला कप खाली ठेवावा लागला.

"अहो, तुम्ही यायच्या आधीच मुख्याध्यापिकाबाईंनी पोरांना दम भरलाय! पाहुण्यांची चूक काढायची नाही, उलट बोलायचं नाही. तुमची एकूण एक चूक पोरं मला येऊन सांगतात. म्हणतात, सरांना भूमिती येत नाही, पण माणूस चांगला आहे!"

म्हणजे मुलांना सारे दिसत होते! जिना मी जवळजवळ धावतच चढलो. मुख्याध्यापिकाबाईंचा हुकूम त्यांच्याच देखत मोडायचा होता.

बाई शेवटच्या बाकावर पेन सरसावून बसल्या होत्या. मी फळ्यावर लिहिले : चारही बाजू समान असलेला प्रत्येक चौकोन हा चौरस होय. वह्या उघडल्या, पट्ट्या निघाल्या. तेव्हा गळ्यातले 'पाहुणे शिक्षक' असे छापलेले ओळखपत्र काढून मी खिडकीच्या कडीला अडकवले.

"पाहुणा तिकडे लटकलाय. आता इथे कोणी पाहुणा नाही. फळ्यावर चोर आहे. पकडा!"

सगळ्या माना मागे वळल्या. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मोठ्या बॅगेची मला आठवण झाली.

मग खिडकीजवळच्या मुलीने उसन्या मागून चार सारख्या पेन्सिली जमवल्या, बाकावर त्यांचा चौरस मांडला आणि तळहाताने तो हळूच तिरपा केला.

"सर, बाजू त्याच आहेत. पण हा चौरस नाही."

"का नाही? चौरस जरा कलंडला, इतकंच! माणूस आडवा झाला म्हणून काय माणूस राहत नाही?"

"माणूस आडवा झाला तर त्याचं काही मोडत नाही, सर. याचे चारही काटकोन मोडलेत!"

वर्ग उसळला. "मोडलेत! मोडलेत!" कोणी कोनमापक घेऊन धावला, कोणी माझ्या हातातून खडू ओढून घेतला. मी लढलो, दुसरी ढाल पुढे केली, तीही त्यांनी फोडली. कालपर्यंत ज्यांचा आवाजही मला ओळखता आला नसता, ती मुले आता एकमेकांवर ओरडत सिद्धता मांडीत होती. शेवटी मी "हरलो!" म्हणालो, तेव्हा जो गलका झाला त्यात तास संपल्याची घंटा कोणाला ऐकूच आली नाही.

मुले पांगल्यावर बाई उठल्या. खिडकीच्या कडीचे ओळखपत्र काढून त्यांनी ते माझ्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत टाकले.

"गोंगाट फार झाला," त्या म्हणाल्या. "पाठ चांगला झाला. वर्षभर राहा."