रिकामे परत करू नये

रविवारी सकाळी नळाचे पाणी येऊन गेल्यावर प्रमिलाबाईंनी फडताळातून कडीचा स्टीलचा डबा काढला, घासून खिडकीतल्या उन्हात पालथा घातला आणि तो कोरडा झाल्यावर त्यात बेसनाचे लाडू एकेक करून रचले. वरच्या थरावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला, झाकण दाबले, कडी लावली. झाकणावर ‘जयवंता’ हे नाव कोरलेले होते. त्यावरून त्यांनी नकळत बोट फिरवले.

डबा त्यांच्या थोरल्या बहिणीचा, बिदरच्या जयवंताअक्कांचा. संक्रांतीला तो गुळाच्या पोळ्या घेऊन हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या या घरी आला होता. ती संक्रांत गेली, पुढचीही गेली, तरी डबा इथेच होता. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालून तरी द्यावे, ही त्या घराची जुनी रीत. म्हणून बिदरला जाण्याचा बेत ठरला की प्रमिलाबाई तो डबा भरत, आणि बेत मोडला की लाडू जिन्यातल्या शेजाऱ्यांना वाटून डबा पुन्हा घासून ठेवत. शेजारची पद्मावती एकदा हसून म्हणालीही होती, “तुमची बिदरवारी लांबली की आमची दिवाळी होते, काकू.” प्रमिलाबाईही हसल्या होत्या.

पूर्वी दोघी बहिणी रोज दिवेलागणीनंतर फोनवर बोलत. पण पावसाळ्यापासून अक्कांचे कान गेले. यंत्र लावले तर नुसती घरघर ऐकू येते, म्हणून त्यांनी ते काढून ठेवले. आता फोन त्यांची सून त्रिवेणी घेई आणि सांगे, “तुमचं नाव सांगितलं की हसतात, मावशी.” ते हसू फोनमधून दिसत नव्हते. प्रमिलाबाईंना अक्कांपुढे बसायचे होते, इतकेच. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. टॅक्सी करते म्हटले, तर दोन्ही मुलांना वाईट वाटले होते. घरात गाडी असताना भाड्याच्या गाडीने आई गेली, तर लोक काय म्हणतील?

ती गाडी प्रमिलाबाईंचे पती कैलासवासी दत्तात्रयराव यांनी घेतलेली. त्यांच्या पश्चात मुलांनी वाटणी न करता ती समाईक ठेवली, याचे नातेवाइकांत कौतुक होते. सोमवार ते शुक्रवार थोरला सुमित ती विमा कंपनीच्या कचेरीत नेई. शनिवार-रविवार ती चिक्कडपल्लीला धाकट्या मिलिंदकडे असे. भावांत भांडण नव्हते. तरीही, कुणी कधी ठरवले नसताना, गाडी एका घरातून दुसऱ्या घरी जाई तेव्हा तिचा काटा तळाला टेकलेला असे आणि पेट्रोलचा पिवळा दिवा लागलेला असे. आपण भरलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडू नये एवढा हिशेब दोघेही चोख करत. बोलून दाखवायची मात्र दोघांनाही लाज वाटे.

प्रमिलाबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. रिकाम्या टाकीवरून त्यांनी सुमितला एकदा-दोनदा टोकलेही होते.

“लाइट घे, आई, कशाला मनावर घेतेस,” तो हैदराबादी झटक्यात म्हणाला होता. “पेट्रोल संपलं म्हणून गाडी कधी बिघडते काय? घातलं की चालू!”

त्या रविवारी बिदरसाठी सुमितने मिलिंदच्या पाळीतला दिवस मागून घेतला होता. शनिवारी संध्याकाळी मिलिंदने किल्ली आणून दिली. दिवा लागलेलाच होता. सुमितच्या मनात आले, दिवस त्याच्या पाळीतला, मग टाकी मी का भरायची? पुढे पाहू. त्याची पत्नी हर्षदा पुढे बसली, आई मागे, मांडीवर डबा घेऊन. अमीरपेटजवळ एक पंप गेला. कुकटपल्लीला दुसरा. हर्षदाने प्रत्येक वेळी त्याच्याकडे पाहिले. पटनचेरूला ती म्हणाली, “आता तरी घ्या.” सुमित म्हणाला, संगारेड्डीला घेऊ, तिथवर आरामात जाते. प्रमिलाबाई खिडकीतून मागे सरकणारा तो पंप वळून पाहत राहिल्या.

संगारेड्डी यायच्या आधीच इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. त्याबरोबर सुकाणू जड झाले, ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. मागून येणारी लॉरी कर्णा वाजवत अगदी जवळून निघून गेली. सुमितने दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कशीबशी कडेला आणली.

तो शेअर ऑटोतून पुढे गेला, कॅनमधून पेट्रोल घेऊन आला, टाकीत ओतले आणि किल्ली फिरवली. इंजिन गरगरले, पण पेटले नाही. त्याने पुन्हा फिरवली. चिंचेखालच्या दगडावर बसलेल्या प्रमिलाबाई म्हणाल्या, “थांब. किल्ली फिरवली की मागून एक बारीक गुणगुण यायची. ती येत नाहीय. गाडीतला पंप गेला.”

“पण पेट्रोल घातलंय ना आता!”

“आता घातलंस. पंप टाकीच्या आत असतो, पेट्रोलात बुडालेला. तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. एखाद्या वेळी टाकी संपली तर बहुधा काही होत नाही. पण तुम्ही दोघांनी कायम त्याला उघडं ठेवलंत, तळाचा गाळ ओढायला लावलंत. आज तो कोरडा फिरला आणि जळाला. जळत मात्र खूप दिवस होता.”

“काल मिलिंदनेच रिकामी आणून दिली.”

“हौ, त्यानेच. आणि शुक्रवारी त्याला तू दिलीस. पाळी कुणाची होती, हे पंपाला कसं कळावं?” आवाज त्यांनी चढवला नव्हता. “आपल्या घरून शेजारणीची वाटी कधी रिकामी परत गेली नाही, सुमित. मग भावाची गाडी कशी जाते रे?”

सुमित काही बोलणार, तोच हर्षदाच्या हातातला फोन वाजला. पलीकडे त्रिवेणी होती. कुठवर आलात, म्हणून विचारत होती.

“आईंनी सकाळपासून दारात खुर्ची टाकलीय,” ती म्हणाली. “गाडी आलेली मला ऐकू येणार नाही, म्हणून रस्त्याकडेच बघत बसते म्हणाल्या. जेवायला पण उठेनात.”

फोनचा आवाज मोठा होता, सर्वांनी ऐकले. हर्षदाने इथूनच टॅक्सी बोलावू या म्हटले, पण दगडावर बसून प्रमिलाबाईंचा खुबा इतका ठणकत होता की बिदरपर्यंत त्यांना बसवणार नव्हते. त्यांनी फक्त मान हलवली आणि डब्याची कडी पुन्हा एकदा घट्ट लावून पाहिली. ती घट्टच होती.

आणि सुमितला ती खुर्ची दिसली! तो बिदरच्या त्या दारात लहानपणी खेळला होता. त्या दारातून सरळ रस्ता दिसतो. त्या रस्त्यावर आता प्रत्येक येणाऱ्या गाडीकडे मावशी पाहत असेल. चार-पाच लिटर पेट्रोल भावाच्या वाट्याला जाऊ नये म्हणून त्याने काय-काय अडवून धरले होते!

गाडी ओढून पटनचेरूच्या गॅरेजात नेली. टाकी उतरवून तपासली, तर पंप खरोखरच जळालेला निघाला आणि गाळणीत काळा चिखल साठला होता; दोन्ही नवे बसवावे लागले. टॅक्सीने घरी आल्यावर प्रमिलाबाईंनी लाडू वाटले, डबा घासला आणि फडताळात ठेवला. या वेळी पद्मावतीने हसण्याऐवजी त्यांचा खुबा कसा आहे ते विचारले.

वाचकहो, गाडी हे केवळ एक उदाहरण. इमारतीतली समाईक टाकी, कचेरीतला पाण्याचा माठ, वाचनालयातले पुस्तक, यांपैकी काहीही आपल्यानंतर दुसऱ्या कुणाच्या हाती जायचे असते. आपण आपल्यापुरते वापरतो, तळाशी आणून ठेवतो, आणि कुणाचे फारसे नुकसान केले नाही असे समजतो. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते दिसते तेव्हा कुणीतरी भलतेच माणूस दारात वाट पाहत बसलेले असते.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी कचेरी सुटल्यावर सुमित पंपावर थांबला आणि टाकी काठोकाठ भरून घेतली. टायरांतली हवा तपासली. चिक्कडपल्लीला मिलिंदच्या घराखाली गाडी उभी करून किल्ली भावजयीच्या, योगिनीच्या हाती दिली, आणि चहा नको म्हणून बसने परतला. मिलिंदला त्याने फोन केला नाही.

रविवारी उजाडताच मिलिंदच गाडी घेऊन नल्लकुंट्याला आला. “चल आई, मी चालवतो. दादाला बसू दे मागे आरामात.” काट्याबद्दल तोही काही बोलला नाही.

अक्का दारातच होत्या. गाडी वळताना दिसताच त्या खुर्चीचे हात धरून उठल्या. दोघी बहिणी दिवसभर ओट्यावर एकमेकींचे हात धरून बसल्या. प्रमिलाबाई बोलत होत्या आणि अक्का त्यांच्या तोंडाकडे पाहून मान डोलावत होत्या. किती समजले कोण जाणे. मध्येच दोघी एकदम हसत.

परतताना अंधारून आले. टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. तरी नल्लकुंट्याच्या अलीकडे मिलिंदने गाडी पंपावर वळवली, खाली उतरला आणि ‘फुल’ म्हणून सांगितले. सुमित मागे बसून काट्याकडे पाहत राहिला.

त्याच्या शेजारी आई डुलक्या घेत होती. तिच्या मांडीवर तोच डबा होता. अक्कांनी शेंगांची चटणी भरून तो तिच्या हाती परत दिला होता. आता तो रिकामा झाला की पुन्हा भरून बिदरला न्यावा लागणार होता.