बंद ठेवलेली नोंदवही

मी एक नोंदवही बोलतेय. कागदाची नव्हे. वडगावात विणकर मारुतीरावांच्या मागांच्या खोलीला लागून साड्यांची नक्षी काढायचा एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्या डिस्कच्या एका कोपऱ्यात मी राहते. जाणकार मला जर्नल म्हणतात. बाकीच्यांना मी आहे हेच ठाऊक नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

माझं काम साधं. डिस्कवर काही लिहायचं झालं की आधी माझ्यात टिपायचं, मग जागेवर लिहायचं. मध्येच लाइट गेली तर परत आल्यावर माझं शेवटचं पान बघायचं. नोंद पुरी असेल तर काम तडीस न्यायचं. अर्धी असेल तर ती सोडून द्यायची; आधीचं होतं ते तरी शाबूत राहतं. इथं लाइट दिवसातून दोनदा जाते. प्रत्येक वेळी मी दचकते. सवय म्हणून होत नाही.

पण आपणहून मला काही करता येत नाही. कर्नल म्हणजे या यंत्राचा कारभारी. त्यानं मला ओळखावं लागतं. आणि त्यानं कुणाला ओळखायचं हे सौम्या ठरवते. मारुतीरावांची लेक, कॉलेजात कॉम्प्युटर शिकते.

दिवाळीच्या सुट्टीत मारुतीराव तिला म्हणाले, "ह्यो डबा लई सुस्त झालाय गं. तिकडं हातभर साडी विणून हुती, हिकडं एक फूल उमटंना."

सौम्या कर्नल नव्यानं बांधायला बसली. हे हवं का, ते हवं का, यंत्राचे शेकडो प्रश्न. माझी ओळ आली तशी तिनं ती मराठीत सांगितली, "आधी नोंदवायचं, मग लिहायचं."

"एकच काम दोनदा? मग सुस्त हुणारच की. काढ ते."

"काढू? नक्की?"

"काढ गं. आपण काय दोनदा जेवतोय व्हय?"

"तू तीनदा जेवतोस, मारुती," पलीकडून त्यांची थोरली बहीण मंगलआक्का म्हणाली. सगळे हसले. त्या हसण्यातच सौम्यानं मला 'नको' केलं.

डिस्क माझ्याविना, जुन्या पद्धतीनं उघडू लागली. कुणाचं काही अडलं नाही, एक इशारासुद्धा आला नाही. याचाच मला राग येतो.

मग गुंजी गावच्या मालुबाई आल्या. आईची साडी घेऊन. धागे हात लावताच सुटत होते. नातीच्या लग्नाला अगदी असाच काठ हवा म्हणाल्या. मंगलआक्कानं तीन आठवडे ठिपका ठिपका मोजून तो काठ कॉम्प्युटरवर उतरवला, आणि साडी परत पाठवली. पुढच्याच आठवड्यात मालुबाई गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणं त्याच साडीत चितेवर गेल्या.

तो काठ आता फक्त आमच्या डिस्कवर होता. रंग भरणं तेवढं उरलं होतं.

शेवटचा मोर रंगवून आक्का साठवत होती, आणि लाइट गेली.

आल्यावर कॉम्प्युटर अर्धा तास डिस्क चाचपत बसला. हाती आला तो बिननावाचा एक तुकडा, आत नुसती शून्यं. मी दोन बोटांवर कोरी पडून होते. मला सांगितलं असतं, तर निदान सकाळी साठवलेला काठ तरी राहिला असता. किती चिडायचं, आणि कुणावर?

"तुझं कॉलेज काय कामाचं गं?" मारुतीराव म्हणाले. सौम्या उठून मागापाशी जाऊन उभी राहिली. मागाच्या लाकडावर खडूनं आकडे होते.

"आप्पा, हे काय?"

"नक्षीच्या कार्डाचा नंबर. फूल धरायच्या आधी लिवून ठेवतो. लाइट काय सांगून जाती व्हय?"

"म्हणजे तुम्हीपण दोनदाच करता की."

मारुतीरावांनी खडूच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाले, "ते परत बसीव."

घाईत तिनं मला मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेरचा सुटा भाग म्हणून ठेवलं. आता डिस्क उघडायला कर्नलला मी हवी, आणि मॉड्यूल डिस्कवरच. पेटीची किल्ली पेटीत. दोन दिवस यंत्र सुरूच झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला कर्नलच्या आतच बसवलं.

आता आक्का तो काठ आठवून काढतेय. परवा मध्येच थांबली. "सौम्या, दोन मोरांमधी कळ्या तीन हुत्या का पाच? बघ की त्या तुझ्या वहीत."

"त्यात न्हाय, आत्ती."

आक्कानं बराच वेळ डोळे मिटले, आणि तीन काढल्या. साठवतानाच लाइट गेली. मी दचकले. आल्यावर कर्नलनं माझं शेवटचं पान उघडलं, आणि घटकेत काठ जिथल्या तिथं. तिन्ही कळ्या.

तुमच्याही यंत्रात मी असेन. एकदा बघा, मला कुणी 'नको' तर म्हटलं नाही ना. या तीन कळ्या मी जिवापाड राखीन. पण त्या तीनच होत्या की पाच, हे मला विचारू नका. खऱ्या कळ्या उमटल्या त्या दिवशी मी बंद होते.