हवेची लाइन

आमचा रबरी होज फाटला तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या होजने माझा फार छळ केला होता.

हे कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर अंगणापलीकडच्या खोलीत वर्कशॉप थाटलं आणि लोकांच्या खुर्च्या-कपाटं दुरुस्त करून त्यांना फवाऱ्याने रंग मारायचा उद्योग सुरू केला. फवाऱ्याला हवा लागते, हवा कॉम्प्रेसर देतो, आणि कॉम्प्रेसरचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. म्हणून यांनी तो कुठे ठेवावा? माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी. तिथून तो काळा, जाड होज उंबरा ओलांडून अंगणातून वर्कशॉपात जायचा. मी दुधाचं पातेलं घेऊन त्यात अडखळले आहे, कपड्यांची बादली घेऊन अडखळले आहे, आणि एकदा हातात काहीच नसतानाही अडखळले आहे.

"भिंतीवरून पाइप टाका," मी म्हणायचे.

"तुला काय कळतंय? होज हवा तिकडे हलवता येतो. पाइप एकदा बसला की जागचा हलत नाही."

"माणसंही हलत नाहीत. तरी आपण त्यांच्याबरोबर संसार करतोच ना."

हे भांडण आमच्या घरात वरणभातासारखं होतं. रोज असायचं आणि कुणी कंटाळायचं नाही. मला त्यातलं कळत नव्हतं असंही नाही. ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. लोखंडी पाइप आतून गंजतो आणि गंज रंगात उतरतो. तांब्याचा उत्तम. हवेबरोबर पाणी येतंच, म्हणून पाइपला थोडा उतार द्यायचा आणि शेवटी पाणी काढायला तोटी ठेवायची. कॉम्प्रेसर थरथरतो, म्हणून त्याच्या तोंडाशी हातभर होज ठेवायचा, नाहीतर पाइपाचे सांधे तुटतात. आणि प्लास्टिक, कधीही नाही. पाण्याचा प्लास्टिकचा पाइप फुटला तर गळतो. हवेचा फुटला तर त्याच्या चिरफळ्या उडतात. यांच्या कारखान्यात त्यात एकाचा डोळा गेला होता. ती गोष्ट यांनी प्लंबरला सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, जावयाला तर पहिल्याच भेटीत सांगितली. बिचारा मुलगी बघायला आला होता.

मग डॉक्टरांनी यांच्या डोक्याचे फोटो पाहिले. म्हणाले, आठवण हळूहळू जाईल. आधी आजकालची, मग जुनी, मग माणसं. मुलगी फोनवर रडली. मी रडले नाही, उलट तिच्यावरच खेकसले. "तुझे बाबा आज सकाळीच माझ्याशी होजवरून भांडलेत. चष्मा कुणी विसरत नाही का? माझ्याशी भांडतायत तोवर माणूस शाबूत आहे." डॉक्टरांचं मशीन काय म्हणायचं ते म्हणो, माझं माप हे होतं. मी रोज सकाळी काहीतरी खुसपट काढायचे आणि यांच्या तोंडून "तुला काय कळतंय" ऐकलं की निवांतपणे कणीक मळायला घ्यायचे.

तर होज फाटला. चिकटपट्टी लावून झाली, तरी तो फुसफुसतच राहिला. शेवटी हे म्हणाले, "जा, तुझ्या मनासारखं. पाइपच टाकतो." आणि पिशवी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. मला आभाळ ठेंगणं झालं.

हे परतले ते खांद्यावर पांढरेशुभ्र प्लास्टिकचे पाइप घेऊन.

"अहो, हे प्लास्टिकचे आहेत."

"मग?"

"हवेला प्लास्टिक?"

"तुला काय कळतंय? हलके आहेत, गंजत नाहीत, चिकटवले की काम झालं."

"आणि तो माणूस? डोळा गेलेला?"

"कोण माणूस?" यांनी विचारलं. चेहऱ्यावर कसली लबाडी नव्हती. खरंच विचारत होते.

 मी मनाला समजावलं की भांडले तर खरं. "तुला काय कळतंय" म्हणाले तर खरं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी ती होती.

दुपारी हे झोपले तशी मी ते पाइप उचलून दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, यांच्या हाताखाली कारखान्यात काही वर्षं होता.

"काकू, मी काकांना म्हटलं होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हटलं, हवेला हे चालत नाहीत, तुम्हीच मला शिकवलंत. तर म्हणाले, 'असेल'. काका आणि 'असेल'? मला पुढे बोलवेना."

मी तांब्याचे पाइप घेतले, तोटी घेतली, दोन्ही टोकांना लावायला रबरी होजचे तुकडे घेतले. त्याने स्वतः सगळं घरी आणून वर्कशॉपात ठेवलं. "मीच बसवून देतो ना," म्हणाला. मी नको म्हटलं. हे काम यांच्याच हातून व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी वर्कशॉपात गेले. हे बाकावर बसून एका पाइपावरून बोटं फिरवत होते. मी ठरवूनच गेले होते. यांना डिवचायचं, आणि तेही असं की मेलेला फिटरसुद्धा उठून भांडेल. खडू घेतला आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली.

"पाइप असा एका रेषेत बसवायचा," मी म्हटलं. "उतारबितार काही नको. वाकडं दिसतं. आणि ती तोटीही नको, उगाच मध्येच लोंबते."

मी थांबले. आता खडू हिसकावतील. आता म्हणतील, पाणी काय तुझ्या माहेरी जाणार का?

यांनी रेघेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसले. दारात गिऱ्हाईक आलं की हसायचे, तसे.

"छान," हे म्हणाले. "तुम्ही म्हणता तसं करू, ताई."

लग्नापासून या माणसाने मला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती. रागात नाही, लाडात नाही, चारचौघांत नाही. मी खडू बाकावर ठेवला.

"अहो, पण उतार नको का?" मीच म्हणाले. माझा आवाज चढला होता. "पाणी कुठे जाईल? रंगात पाणी आलं तर फोड येतील. तुम्हीच सांगता ना?"

"तेही खरंय," हे समजुतीने म्हणाले. "असं करू, आमची ही येऊ दे. तिला विचारू." मग पुढे वाकून आवाज खाली आणला. "तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तिच्यासमोर बोलू नका हं. डोक्यावर मिरे वाटेल. आजवर तिला काही कळत नाही असं म्हणून म्हणून कसंबसं निभावलंय मी."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. यांनी ते पाहिलं आणि अवघडून नजर वळवली, परक्या बाईकडे बघू नये म्हणून.

"मग तिला कधी सांगणार?" मी विचारलं.

"सांगणार आहे ना. पाइप बसला की सांगतो. होजचा फार त्रास झाला तिला, सारखा पायात यायचा. मी उगाच हट्ट केला." यांनी अंगणापलीकडे स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "एवढा वेळ कुठे गेलीय कुणास ठाऊक. अशी राहत नाही बाहेर."

मी तिथून निघाले. अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेले, तोंड धुतलं, हात पुसले, केस सारखे केले. क्षणभर तिथेच उभी राहिले. मग रोजच्यासारखी त्याच दारातून बाहेर पडले, रोजच्यासारखं "आले हो" म्हणत पुन्हा वर्कशॉपात शिरले.

यांनी चटकन वर पाहिलं. चेहरा उजळला होता, आणि मला पाहून तो हळूहळू उतरला.

"ताई," हे म्हणाले, "आमची ही दिसली का हो आत?"